हरिणशिकारीतील रायफल-गोळी : वजन व घडण

हरिण कुलातील प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलीतून झाडावयाच्या गोळीचे वजन किती असावे व ती कोणत्या धातूची, कशा रचनेची असावी, हा शस्त्रविद्येतील एक जुना वादविषय आहे. सुमारे दीडशे वर्षे त्यावर शिकारी, बंदूक बनविणारे कारागीर, सैनिकी तज्ज्ञ आणि अलीकडे पशुवैद्य व कायदेपंडित यांनीही मते मांडली आहेत. मराठीत ‘हरीण’ हा शब्द काळवीट, चिंकारा अशा कायम पोकळ शिंगांच्या प्राण्यांनाही लावला जातो. येथे मात्र तो दरवर्षी गळून पडणारी भरीव शिंगे असलेल्या सांबर, चितळ, भेकर, तांबडे हरीण, रो, श्वेतपुच्छ हरीण, मूस इ. प्राण्यांपुरता घेतला आहे.

गोळीचे वजन जगभर ‘ग्रेन’ या जुन्या इंग्रजी मापात सांगण्याची प्रथा आहे. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. एक ग्रेन म्हणजे ०·०६४८ ग्रॅ. मराठी वाचकाला या मापाची कल्पना सोनाराच्या काट्यावरून लवकर येईल. ब्रिटिश अमदानीत ठरविलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. म्हणजे सांबरासारख्या मोठ्या जनावरासाठी पुष्कळ शिकारी पसंत करीत ती १८० ग्रेनांची गोळी भाराने नेमकी एक तोळा, आणि लहान हरिणांसाठी वापरतात ती ९० ग्रेनांची गोळी अर्धा तोळा भरते. एवढ्या अल्प भाराच्या धातूने दीडदोनशे किग्रॅ. वजनाचे जनावर क्षणार्धात आणि शक्य तितक्या कमी यातनांनी मारावे अशी अपेक्षा असते. या अपेक्षेतूनच पुढील सर्व इतिहास घडला.

गोळीने हरीण मरते ते मुख्यतः रक्तस्रावाने व फुप्फुसे निकामी झाल्याने. मेंदूवर किंवा मणक्यावर गोळी लागली तरच ते जागच्या जागी कोसळते. फुप्फुसातून गोळी आरपार गेलेले हरीणसुद्धा पुष्कळदा पन्नास-शंभर मी. धावत जाऊन मग पडते. म्हणून गोळीकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा केली जाते. तिने कातडी, बरगडी, प्रसंगी खांद्याचे हाड फोडून छातीच्या पोकळीपर्यंत पोहोचले पाहिजे. आणि तेथे पोहोचल्यावर फुलून रुंद जखम केली पाहिजे. फार लवकर फुलणारी गोळी खांद्यावरच फुटून उथळ, भयंकर पण प्राणघातक नसलेली जखम करते. मुळीच न फुलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते. दोन्ही प्रकारांत जखमी जनावर झाडीत नाहीसे होते आणि काही तासांनी वा काही दिवसांनी मरते. गोळीच्या निवडीचा प्रश्न केवळ हौसेचा नाही, तो याच कारणाने.

गोल गोळीचा काळ : ठासणीच्या बंदुकीत शुद्ध शिशाची गोल गोळी वापरीत. तिचे वजन नळीच्या व्यासावरूनच ठरत असे. त्यामुळे वजन वाढवावयाचे तर नळी रुंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सैन्यात १८४९ च्या सुमारास मिनिए याची लांबट गोळी आली आणि एकाच व्यासात अधिक वजन बसविणे शक्य झाले. शिकाऱ्यांनीही ती उचलली. परंतु त्या काळच्या दारूने जड लांबट गोळीला पुरेसा वेग येत नसे. तिचा मार्ग बराच कमानदार होई आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम खाली-वर जाई. दाट जंगलात, जेथे जनावर अचानक दिसते व तितक्याच अचानक नाहीसे होते, तेथे हा दोष मोठाच होता.

या दोषाचा सर्वांत पद्धतशीर विचार करणारा ग्रंथकार मध्य प्रांतातच कामावर होता, हे या विषयाचे आपल्या भूप्रदेशाशी असलेले पहिले नाते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ (१८३८–७१) याचे नाव सातपुड्याच्या अरण्यांशी व पचमढीशी निगडित आहे. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकारी रायफलीवरील त्याच्या पुस्तकात त्याने लांबट गोळीचा अव्हेर करून मोठ्या गोल गोळीचा पुरस्कार केला. त्याचा युक्तिवाद साधा होता. गोल गोळी हलकी असल्याने भरपूर दारूने तिला मोठा वेग देता येतो व जवळच्या टप्प्यात तिचा मार्ग जवळजवळ सपाट राहतो. अडचण एवढीच, की दारू वाढविली की गोळी नळीतील पीळदार खाचा सोडून सरळ सुटते. यावर त्याने नळीचा पीळ अतिशय संथ ठेवण्याचा उपाय सुचविला. गोल गोळी स्थिर ठेवण्यास फारसे परिभ्रमण लागत नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते. त्याच्या आवडीची १४ बोअरची गोळी ५०० ग्रेनांची (सु. ३२ ग्रॅ.) व पावणेदोन सेंमी. व्यासाची होती. इतक्या रुंद गोळीला फुलण्याची गरजच नव्हती. सांबराला ती जशी होती तशीच पुरेशी होती. गोल गोळीचा वेग हवेच्या रोधाने झपाट्याने घटतो, हा तिचा मूळ दोष मात्र दूर होणे शक्य नव्हते. दीडशे मी. पलीकडे फोर्सिथचा युक्तिवाद लंगडा पडत असे, आणि मागून भरावयाच्या रायफलींनी काही वर्षांतच तो कालबाह्य केला.

एक्सप्रेस रायफल : लंडनच्या पर्डी या कारागिराने १८५६ मध्ये आपल्या नव्या रायफलींना वेगवान आगगाडीवरून ‘एक्सप्रेस ट्रेन’ हे नाव दिले, पुढे ‘एक्सप्रेस’ एवढेच रूढ झाले. तुलनेने हलकी गोळी आणि तिच्या मानाने पुष्कळ दारू हे या पद्धतीचे सार होय. वजन आणखी घटविण्यासाठी गोळीच्या टोकाला भोक पाडीत व त्यात तांब्याची पातळ नळी बसवीत. प्राण्याच्या शरीरात शिरताच ही पोकळी दाबली जाऊन गोळी उमलत असे. चितळ, भेकर, स्कॉटलंडमधील तांबडे हरीण यांच्यावर तिचा परिणाम विजेसारखा होई आणि तिची कीर्ती झपाट्याने पसरली.

परंतु तीच गोळी वाघ, अस्वल किंवा पूर्ण वाढ झालेला सांबर यांच्या खांद्यावर लागली की तिच्या ठिकऱ्या उडत. सॅम्युएल बेकर (१८२१–९३) या सुप्रसिद्ध प्रवाशाने १८९० च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोळीवर कडक टीका केली आणि ·५७७ व्यासाच्या रायफलीत ६४८ ग्रेनांची (सु. ४२ ग्रॅ.) शुद्ध, मऊ, भरीव शिशाची गोळी वापरावी असे आग्रहाने सांगितले. अशी गोळी छत्रीसारखी पसरते, पण तिचे तुकडे होत नाहीत आणि बहुधा ती पलीकडच्या कातडीखाली अडकलेली सापडते, हा त्याचा अनुभव होता. आजही गोळीच्या परीक्षेत ‘शिल्लक वजन’ मोजतात, त्यामागील कल्पना बेकरच्या या निरीक्षणात स्पष्ट दिसते. प्रत्येक गोळीने आपली सर्व ऊर्जा जनावराच्या शरीरातच खर्च केली पाहिजे, हे त्याचे मत मात्र सर्वमान्य झाले नाही. आरपार गेलेल्या गोळीने दोन छिद्रे पडतात, रक्ताचा माग जमिनीवर उमटतो आणि झाडीत शिरलेले जनावर शोधणे सोपे जाते. व्यवहारात हा लाभ मोठा आहे.

आवरणयुक्त गोळी व डमडम : फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूमहीन दारू तयार केली आणि १८८६ च्या लबेल रायफलीपासून ती सैन्यात रूढ झाली. वेग एकदम वाढला. नुसते शिसे या वेगाला टिकेना. ते नळीच्या खाचांत घासून चिकटू लागले. स्विस अधिकारी एडुआर्ट रूबिन याने त्याआधीच शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण घालण्याची युक्ती यशस्वी केली होती. नळीचा व्यास ११ मिमी. वरून ८ मिमी.पर्यंत खाली आला. ब्रिटिश सैन्याची ·३०३ गोळी २१५ ग्रेनांची (सु. १३·९ ग्रॅ.) होती व ती सेकंदाला सु. ६०० मी. वेगाने सुटे. पण संपूर्ण आवरण असल्यामुळे ती शरीरात फुलत नसे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत तिचा मारा अपुरा पडल्याची तक्रार सैनिकांनी केली.

या तक्रारीवर उपाय कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात निघाला. तेथील कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९६-९७ च्या सुमारास आवरणाचे टोक कापून आतील शिसे किंचित उघडे ठेवले. शिकारी लोकांना ही कल्पना नवी नव्हती. ‘मऊ टोकाची’ गोळी त्यांच्या काडतुसांत आलेलीच होती. नवे होते ते तिचा माणसांवरील उपयोग. तिराहच्या मोहिमेत (१८९७-९८) ती वापरली गेली. तिच्यात एक यांत्रिक दोषही होता. आवरण मागच्या टोकालाही उघडे असल्याने गाभा पुढे निघून जाऊन रिकामे आवरण नळीत अडकण्याची भीती असे. पण तिचा शेवट या दोषाने नव्हे, तर राजनीतीने झाला. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे हेग येथे २९ जुलै १८९९ रोजी जाहीर करण्यात आले. ब्रिटनने प्रथम विरोध केला व १९०७ मध्ये तो मान्य केला.

यानंतर सैनिकी गोळी व शिकारी गोळी यांचे मार्ग वेगळे झाले. माणसावर जी गोळी झाडणे निषिद्ध ठरले, तीच हरिणावर झाडणे पुढे अनेक देशांत कायद्याने सक्तीचे झाले. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन्ही नियमांमागे यातना कमी करण्याचाच हेतू आहे. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे मानले जाते आणि जखमी सैनिकाला वैद्यकीय उपचार मिळू शकतात. जखमी हरिणाला ते मिळत नाहीत.

वेगाचे युग : अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १८९५ मध्ये विक्रीस आणलेले ·३०-३० हे काडतूस पिढ्यान्पिढ्या हरणाचे काडतूस म्हणूनच ओळखले गेले. मूळची गोळी १६० ग्रेनांची व मुखवेग सेकंदाला सु. ६०० मी. होता, पुढे १५० व १७० ग्रेनांच्या गोळ्या रूढ झाल्या. या गोळ्यांचे नाक चपटे असते, त्याचे कारण जनावरात नसून बंदुकीत आहे. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकापुढे एक ठेवली जातात. गोळी टोकदार असती, तर ती पुढच्या काडतुसाच्या स्फोटक टोपीवर टेकून अपघात होण्याची भीती होती. मध्यम वेग, उघडे शिसे आणि शंभर-सव्वाशे मी. चा टप्पा हा मेळ इतका जमला, की त्यातील गोळीची घडण कोणी फारशी तपासलीच नाही.

याच सुमारास टोकदार गोळी आली. जर्मन सैन्याने तिचा स्वीकार केल्यावर अमेरिकेनेही २२० ग्रेनांची बोथट गोळी सोडून १९०६ मध्ये १५० ग्रेनांची टोकदार गोळी घेतली. मुखवेग सेकंदाला सु. ८२० मी. झाला. हेच ·३०-०६ काडतूस. आता हलकी गोळी व मोठा वेग यांचे आकर्षण वाढले. चार्ल्स न्यूटन याने रचलेले ·२५० सॅव्हेज काडतूस १९१५ मध्ये बाजारात आले, तेव्हा न्यूटनच्या मनात १०० ग्रेनांची गोळी होती. कंपनीला मात्र जाहिरातीसाठी सेकंदाला ३,००० फूट (सु. ९१४ मी.) हा आकडा हवा होता, तो गाठण्यासाठी गोळी ८७ ग्रेनांवर आणली गेली आणि आकडा काडतुसाच्या नावातच घातला गेला. हरिणाच्या गरजेने नव्हे, तर विक्रेत्याच्या गरजेने वजन ठरल्याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे १०० ग्रेनांची गोळी निघाली आणि हरिणांसाठी तिलाच अधिक मान मिळाला.

विंचेस्टरच्या ·२७० काडतुसाची (१९२५) कथा याहून बोधक आहे. त्यातील १३० ग्रेनांची गोळी सेकंदाला सु. ९५० मी. वेगाने जात असे. हरिणाचे मांस फार नासते, अशी तक्रार आल्यावर कंपनीने १५० ग्रेनांची व मुद्दाम मंद केलेली (सु. ८१५ मी.) गोळी काढली. ती कोणी घेतली नाही. मांस नासले तरी चालेल, पण वेग हवा, अशीच बहुसंख्यांची वृत्ती दिसून आली. जॅक ओकॉनर हा लेखक हलक्या, वेगवान गोळीचा, तर एल्मर कीथ जड व रुंद गोळीचा पुरस्कर्ता. या दोघांचा वाद अमेरिकन शिकारी नियतकालिकांत कित्येक दशके गाजला. दोघांनाही भरपूर अनुभव होता आणि दोघांचीही उदाहरणे खरी होती. मात्र वाद वजनाचा व वेगाचा म्हणून मांडला गेला आणि घडणीचा प्रश्न त्यात मागे पडला.

घडणीतील सुधारणा : वेग वाढला की तीच गोळी अधिक जोराने फुटते. म्हणून फुलणे सुरू व्हावे, पण एका मर्यादेवर थांबावे, अशी रचना शोधणे भाग पडले. जर्मनीत व्हिल्हेल्म ब्रेनेके (१८६५–१९५१) याने १९१७ मध्ये दोन गाभ्यांची गोळी आणली : पुढचे शिसे मऊ, मागचे कठीण. पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीच्या १९३९ च्या ‘कोअर-लॉक्ट’ गोळीत आवरणाचा मधला भाग जाड करून गाभा त्यात जखडून ठेवला होता. ही गोळी स्वस्त होती आणि साध्या हरिणशिकारीला ती पुरून उरली.

सर्वांत निर्णायक सुधारणा जॉन नॉस्लर याने केली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४६ मध्ये त्याने झाडलेल्या गोळ्या चिखलाने माखलेल्या एका मोठ्या मूसच्या अंगावर फुटून गेल्या व जनावर पडेना. मूस हे हरिण कुलातील सर्वांत मोठे जनावर. नॉस्लरने तांब्याच्या मिश्रधातूच्या कांडीला दोन्ही टोकांकडून भोक पाडले व मध्ये एक आडभिंत शिल्लक ठेवली. दोन्ही कप्प्यांत शिसे भरले. पुढचा कप्पा कितीही फुलला वा झिजला, तरी भिंतीपलीकडे विस्तार जाऊ शकत नाही आणि मागचा भाग अखंड राहतो. १९४८ पासून ही ‘पार्टिशन’ गोळी विकली जाऊ लागली. किंमत अधिक असूनही ती टिकली. पुढील दशकांत आवरण व गाभा वितळवून एकमेकांस चिकटविलेल्या गोळ्या निघाल्या. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीने शिसे अजिबात नसलेली, टोकाशी पोकळ व चार पाकळ्यांनी उमलणारी तांब्याची गोळी आणली.

निवडीचे गमक : वजनाचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. त्याच वजनाची गोळी बारीक व लांब असेल तर अधिक खोल जाते, जाड व आखूड असेल तर कमी. हे दर्शविण्यासाठी पौंडातील वजनाला इंचातील व्यासाच्या वर्गाने भागतात. या संख्येस छेदघनता म्हणता येईल. ·३०८ इंच व्यासाच्या १८० ग्रेनांच्या गोळीची छेदघनता ०·२७१, १५० ग्रेनांच्या गोळीची ०·२२६, तर ·२४३ इंच व्यासाच्या १०० ग्रेनांच्या गोळीची ०·२४२ भरते. म्हणजे १०० ग्रेनांची बारीक गोळी खोलीच्या बाबतीत १५० ग्रेनांच्या जाड गोळीहून सरस ठरू शकते. तथापि ही संख्या गोळी न फुललेली असतानाची आहे. फुलताच व्यास जवळजवळ दुप्पट होतो, वजन घटते आणि सगळे गणित बदलते. शेवटी निर्णय घडणीकडेच येतो. वीस-पंचवीस किग्रॅ. च्या रो हरिणाला पातळ आवरणाची हलकी गोळी योग्य. चितळ वा श्वेतपुच्छ हरिणाला मध्यम वजनाची साधी मऊ टोकाची गोळी पुरे. सांबर, वापिती किंवा मूस यांना जड अथवा नियंत्रित रीतीने फुलणारी गोळी हवी. खांद्याऐवजी त्यामागच्या बरगड्यांवर नेम धरणाऱ्याला मऊ गोळीही चालते. नेमाची जागा व गोळीची घडण यांचा असा अन्योन्य संबंध आहे.

जड, बोथट व मंद गोळी झुडपांतून सरळ जाते, अशी एक समजूत शिकाऱ्यांत फार रूढ आहे. प्रत्यक्ष चाचण्यांतून तिला आधार मिळत नाही; फांदीला लागलेली कोणतीही गोळी कमीअधिक भरकटतेच.

भारतातील स्थिती : भारतात गोळीची निवड बरीचशी सरकारी नियमांनी ठरविली. सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती उपयोगी पडू नयेत म्हणून १९०७ मध्ये ·४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी आली आणि इंग्रज कारागिरांना ·४७० सारखे नवे व्यास काढावे लागले. ·३०३ हा लष्करी व्यासही सामान्य परवानाधारकास निषिद्ध होता. त्यामुळे २४४ ग्रेनांची (सु. १५·८ ग्रॅ.) जड, बोथट गोळी झाडणारी ·३१५ रायफल येथील शिकाऱ्यांत प्रचलित झाली, ती जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसावर आधारलेली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात हौसेखातर होणारी हरिणांची शिकार बंद झाली [→ शिकार].

कायदे व शिसे : इंग्लंड व वेल्समधील १९६३ च्या हरिणविषयक कायद्याने रायफलीचा किमान व्यास ·२४० इंच आणि मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी ही बंधने घातली. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने रोखेरीज अन्य हरिणांसाठी गोळीचे किमान वजन १०० ग्रेन व मुखवेग सेकंदाला २,४५० फूट (सु. ७४७ मी.) ठरविण्यात आला, रोसाठी वजन ५० ग्रेन पुरेसे मानले गेले. जखमी जनावरांचे प्रमाण घटावे हा या नियमांचा हेतू होता.

एकविसाव्या शतकात वादाला नवे वळण लागले. शिशाची गोळी फुलताना तिचे असंख्य सूक्ष्म कण मांसात दूरवर विखुरतात, हे क्ष-किरणचित्रांवरून दिसून आले. जंगलात टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुड-गिधाडांना त्यांची विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील काँडोर हा पक्षी नामशेष होण्याच्या मार्गावर असताना शिशाची विषबाधा हे त्याच्या मृत्यूचे एक मुख्य कारण ठरले. अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांत २००८ मध्ये गरिबांना दान म्हणून दिलेल्या हरिणाच्या मांसातही शिशाचे कण आढळले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीच्या शिसेयुक्त गोळ्याही बंद केल्या.

तांब्याच्या गोळीने जुने वजनाचे आकडे पुन्हा विचारात घ्यावयास लावले. शिशाची घनता ११·३, तर तांब्याची सु. ९ आहे. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. वुलिच येथील गणिती जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार लांब गोळीला अधिक तीव्र पीळ लागतो. जुन्या रायफलींच्या नळ्यांत तो नसतो. तेव्हा एक पायरी हलकी गोळी घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तांबे तुटून न जाता जवळजवळ संपूर्ण वजनानिशी आत शिरत असल्याने हलकी गोळीही पुरेशी खोल जाते. मात्र वेग घटल्यावर ती नीट उमलत नाही. म्हणून लांबच्या टप्प्यावर तिची मर्यादा शिशाच्या गोळीपेक्षा लवकर येते. ही बाब ध्यानात घेऊन स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरिणांसाठीच्या गोळीचे किमान वजन १०० वरून ८० ग्रेनांपर्यंत कमी केले. किमान वेगाची अट मात्र कायम ठेवण्यात आली.